अर्धं कापलेलं गवत

हॅमिल्टनमधल्या रोटोटुनाच्या हायस्कूलमध्ये माझी मुलगी नववीत दाखल झाली, त्या दिवशी शाळेत नाव झालं ते माझं. नव्या मुलांच्या स्वागताला जुन्या मुलांनी हाका केला. माओरी लोकांचा हा प्रकार मी तोवर रग्बीच्या मॅचआधी टीव्हीवर पाहिला होता, तोही जेवता जेवता. समोरासमोर, शेकडो पोरं एका वेळी मांड्या थोपटतात, पाय आपटतात, छातीतून ओरडतात, तेव्हा खुर्चीचे पाय थरथरतात. हाका संपला आणि हॉलभर शांतता पसरली. ती शांतता त्या प्रकाराचाच भाग असते हे मला कोण सांगणार? पिंपरीच्या नाट्यगृहात वाढलेला माणूस मी. उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “वन्स मोअर.”

पुढची पाच वर्षं माझी मुलगी त्या शाळेत ‘वन्स मोअरवाल्याची मुलगी’ म्हणून वावरली. त्यात मी भरच घालत गेलो. पालकसभेला सूट-टाय घालून गेलो. बाकीचे बाप हाफपँट आणि जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत, आले होते. गणिताच्या बाईंना वाटलं, मी सरकारी तपासणीला आलोय. त्यांनी घाईघाईने मला सगळ्या वह्या दाखवल्या आणि मीही त्या गंभीरपणे तपासल्या.

या फजित्या रंगवून सांगायला एकच हक्काची श्रोती होती, ती म्हणजे मुलीची मैत्रीण. आमच्यापासून दोन घरं सोडून ती आणि तिची आई राहत. बाप केव्हाच ऑस्ट्रेलियाला गेलेला. पोरगी आमच्याकडे दार न वाजवता यायची, जँडल्स बाहेर काढायची, कारण एकदा माझ्या बायकोने नुसतं बघितलं होतं. पोह्यांवर टोमॅटो सॉस ओतून खायची आणि मी डोळे मिटून घ्यायचो. मला ‘काका’ म्हणायची. इथे काका नावाचा एक पोपट आहे, खूप आरडाओरडा करतो आणि हाताला येईल ते मोडतो, ही माहिती तिनेच मला दिली होती. “नाव अगदी बरोबर पडलंय,” असं वर. ‘वन्स मोअर’ची गोष्ट ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायची आणि संपली की टेबलावर हात आपटून म्हणायची, “वन्स मोअर, काका.”

तिच्या घरातलं एक काम तिच्याकडे होतं, अंगणातलं गवत कापणं. कानांवर हेडफोन लावून ती मशीन ढकलायची आणि इतकं वाकडंतिकडं कापायची की मी कुंपणापाशी उभा राहून विचारायचो, “सलूनवाला मधेच जेवायला गेला का गं?” ती एक हेडफोन बाजूला करून म्हणायची, “स्टाइल आहे, काका.”

तेरावीत, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षात, गेल्यावर तिच्या आईने तिला एक जुनी छोटी गाडी दिली. ही बाई प्राण्यांच्या दवाखान्यात काम करायची, कमी बोलायची आणि माझ्या विनोदांना सभ्यपणे हसायची. (तिचं बोलणं इंग्रजी, मी ते मराठीत सांगतोय. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा फरक नसतो, पण ती मला ‘तू’ म्हणत असे हे मला स्वच्छ ऐकू यायचं.) पत्रपेटीपाशी भेट झाली तेव्हा मी म्हणालो, “एवढ्यात गाडी? पोरीचा कंटाळा आलेला दिसतोय.”

“तिला जिथे तिथे सोडायला जायचा कंटाळा आलाय,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. विनोद जमला की मी घरी येऊन बायकोला पुन्हा सांगतो, तसा तोही सांगितला.

सप्टेंबरच्या सुट्टीत, हॅमिल्टनबाहेरच्या एका गावरस्त्यावर, ती गाडी वळणावरून घसरून झाडावर आदळली. रस्ता ओला होता. पोरगी कॅफेतलं काम संपवून घरी येत होती, गाडीत एकटीच होती. ना फोन हातात, ना वेग जास्त. दोष द्यायला काहीच सापडलं नाही.

माझी मुलगी ती बातमी ऐकून मैत्रिणीच्या घरी धावत गेली, तशीच, अनवाणी. आम्ही नवरा-बायको दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो, रीतसर. या ‘रीतसर’वर जरा थांबतो.

आम्ही बौद्ध. आमच्या माणसांनी जुन्या रूढींचं बरंचसं ओझं फेकून दिलं आणि मी तर इथल्या मंडळींच्या कार्यक्रमांत त्याच विषयावर बोलून टाळ्याही घेतो. पण मयताच्या घरी कसं वागायचं, हे विचार करून ठरवायचं असतं असं मला कधी वाटलंच नव्हतं. पांढरे कपडे. पहिल्यांदा जायचं ते रिकाम्या हातांनी. फार बोलायचं नाही, त्या घरी पाणीही घ्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही. एरवी ‘येतो’ म्हटल्याशिवाय आपला पाय कोणाच्या दाराबाहेर पडत नाही. अशा घरून मात्र मुकाट्याने उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं, कारण अशा कारणासाठी पुन्हा यायची वेळ येऊ नये.

बायको म्हणाली, “अहो, निदान खिचडी तरी नेऊ. त्या बाईने चूल पेटवली नसेल.”

“आज नाही. आज रिकाम्या हातांनी,” मी म्हणालो. इतक्या ठामपणे, की जणू सगळं मला पाठ होतं.

गेलो. मी पांढरा शर्ट, पांढरी पँट घातली होती. आरशात पाहिलं तेव्हा क्रिकेटचा अंपायर दिसत होतो, पण म्हटलं दिसू दे. मुलीने पांढरं घालायला नकार दिला. मैत्रिणीची हूडी तिच्याकडे राहिली होती, तीच अंगात घालून ती आली. घरात शेजारीपाजारी भरलेले. ओट्यावर लोकांनी करून आणलेले लझान्याचे आणि भाजलेल्या पाईचे ट्रे, एकावर एक फुलं. जो येईल तो त्या बाईला मिठीत घेत होता, रडत होता, तिच्या कानाशी काहीबाही बोलत होता. आम्ही आत शिरलो आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर ओळीने बसलो.

तिने स्वतः उठून आमच्यासाठी चहा आणला. मी मान हलवून नको म्हणालो. तिने तरीही कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली. ती माझ्याकडे बघत होती. मी गालिच्याकडे बघत होतो. एरवी माझं तोंड बंद व्हावं म्हणून लोक प्रार्थना करतात, आणि त्या दिवशी मी ते बंद ठेवण्यात धन्यता मानत होतो. कपावर साय धरली. मग मी बायकोला खूण केली, उठलो आणि दाराकडे निघालो. मुलगी त्या बाईला मिठी मारायला मागे फिरू लागली, तर मी हळूच म्हणालो, “वळू नकोस.” तिघं बाहेर आलो. घरी येऊन आंघोळ केली, बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं. मला वाटलं, आपण नीट पार पाडलं.

अंत्यविधीला एवढी गर्दी होती की आम्ही मागच्या भिंतीशी उभे राहिलो आणि तिथूनच परतलो. पुन्हा न बोलता.

त्यानंतर ती बाई माझ्या मुलीच्या मेसेजला उत्तर देईना. रस्त्यात आम्ही दिसलो की ती घरात जायची. मला वाटलं, दुःख आहे, माणूस स्वतःला मिटून घेतं.

इथल्या शाळांत तेरावीची मुलं परीक्षेच्या आधीच शाळा सोडतात. त्याआधी त्यांच्या निरोपाची सभा होते. आडनावांच्या क्रमाने एकेकाचं नाव पुकारतात, मूल मंचावर जातं, मुख्याध्यापकांशी हस्तांदोलन करतं, आणि शेवटी धाकटी मुलं जाणाऱ्यांसाठी हाका करतात. तेरावीचं वर्ष सांभाळणाऱ्या बाईंनी माझ्या मुलीला बोलावून सांगितलं, तुझ्या मैत्रिणीचं नाव तिच्या जागी वाचायची आमची तयारी आहे, पण तिच्या आईची इच्छा हवी. आई आली, निदान हो म्हणाली, तर वाचू. नाहीतर फक्त बाहेर फोटो ठेवू. तूच विचारशील का?

ते नाव माझ्या मुलीच्या नावाच्या बरोबर आधी येत होतं. नववीपासून हजेरीत दोघी लागोपाठ.

मुलीने पाठवलेल्या मेसेजला उत्तर आलं नाही. मग एका संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, दूध आणायला गेली आणि दूध न घेताच परत आली. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो.

“ती भेटली. नाही म्हणाली,” मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. त्या दिवशी ते तुकड्यातुकड्यांत आलं. “शी कान्ट सिट इन अ हॉल विथ यू, बाबा.”

“माझ्याबरोबर? मी काय केलं?”

“यू वुडन्ट ड्रिंक हर टी. यू वुडन्ट लुक ॲट हर. यू डिडन्ट इव्हन से बाय.” ती फ्रीजला टेकून उभी होती. “तिला वाटतं, तू तिला ब्लेम करतोस. गाडीसाठी.”

“अगं, ती आपली पद्धत आहे.”

“हाउ वुड शी नो?”

बायकोने गॅस बंद केला. “मी म्हटलं होतं, खिचडी नेऊ,” ती म्हणाली. मग मला म्हणाली, “जा आणि सांगून या तिला. तुम्हाला कोणालाही काहीही सांगता येतं ना, मग हे सांगा.”

“ते माझं नाव वाचतील,” मुलगी म्हणाली, “तिच्यावरून उडी मारून. जस्ट लाइक दॅट.” आणि तिच्या खोलीत गेली.

शनिवारी सकाळी मी निघालो. तिच्या घराच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. वाक्यं तयार होती, पण दार उघडल्यावर पहिलं कुठलं म्हणायचं ते ठरेना. पुन्हा गेलो. तिच्या पुढच्या अंगणातलं गवत वाढून पोटरीपर्यंत आलं होतं. इथला वसंत सप्टेंबरात सुरू होतो आणि मग गवताला खळ नसतो. मला एकदम सुचलं. बोलणं नंतर, आधी काहीतरी उपयोगाचं करू. मी दूध पावडरच्या कारखान्यातला इंजिनिअर, शब्द सापडला नाही की मशीन शोधतो. घरी जाऊन गवत कापायचं मशीन आणलं आणि तिच्या अंगणात सुरू केलं. सरळ, एकाला एक लागून पट्टे काढत होतो. मनात म्हणत होतो, उठेल तेव्हा बघेल, तिला बरं वाटेल.

अर्ध्यावर आलो असेन. ती बाई माझ्यासमोर, मशीनच्या पुढ्यातच येऊन उभी राहिली, झोपेच्या कपड्यांवर, पाय ओल्या गवतात. तिचं तोंड हलत होतं, पण मला ऐकू येत नव्हतं. मी मशीन बंद केलं.

“हे तिने कापलेलं होतं,” ती म्हणाली. “शेवटचं.”

मी न कापलेल्या बाजूकडे पाहिलं. गवत वाढलं होतं तरी दिसत होतं. वाकडे पट्टे, मधेच सुटलेले उंच पुंजके. सलूनवाला मधेच जेवायला गेलेला. मी स्वतः त्यावर पाच वर्षं विनोद केले होते आणि मलाच ते आठवलं नव्हतं.

“मी... मदत म्हणून,” मी म्हणालो.

“सकाळपासून फाटकाशी येऊन परत जातोयस. तुला मला काहीतरी सांगायचंय. मग सांग ना. गवत का कापतोस?”

मग मी सांगितलं. पांढरे कपडे, रिकामे हात, चहा, ‘येतो’ न म्हणणं, मागे न बघणं. एकेक मुद्दा सांगत गेलो आणि मधेच माझ्याच लक्षात आलं की मी कारखान्यातल्या नव्या कामगाराला सुरक्षेचे नियम सांगतो त्या आवाजात बोलतोय. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हणजे निरोप घेत नाही, कारण अशासाठी पुन्हा यायला लागू नये.”

“हो.”

“मला वाटलं, तुला माझं तोंड बघवत नाही.” ती मशीनच्या दांड्याकडे बघत होती. “तू म्हणाला होतास ना, पोरीचा कंटाळा आलाय म्हणून गाडी दिली.”

“ती थट्टा होती.”

“माहितेय. मी हसले होते.” तिने पायाने कापलेलं गवत बाजूला सारलं. मग म्हणाली, “पण नंतर वाटलं तुला? की गाडी मी दिली, म्हणून?”

इथे ‘नाही’ म्हणायचं असतं. याहून क्षुल्लक गोष्टींसाठी मी सहज खोटं बोललोय. पण ती ओल्या गवतात अनवाणी उभी होती आणि तिला माझं ‘नाही’ ओळखू आलं असतं.

“वाटलं,” मी म्हणालो. “पहिल्या दिवशी. म्हटलं, आपण आपल्या मुलीला गाडी दिली नाही, बरं केलं. मग आठवलं की त्यात माझं शहाणपण काहीच नव्हतं. मी तिला गाडी शिकवायला गेलो आणि राउंडअबाउटवर असा किंचाळलो, की ती गाडी रस्त्याच्या कडेला लावून, मला आत बसवून, चालत घरी गेली. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. मला शिकवता आलं असतं तर आमची मुलगीही त्याच रस्त्यांवर असती.”

तिच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता असं मी म्हणणार नाही.

“राउंडअबाउटचं मला माहितेय,” ती म्हणाली. “तुझी नक्कल करून दाखवली होती माझ्या पोरीने. तू हँडब्रेक कसा धरला होतास, ते.”

मग तिने उरलेल्या गवताकडे हात केला. “ते राहू दे,” म्हणाली आणि आत गेली.

सभेचं विचारायचं होतं. मी तोंड उघडलं होतं, पण दार लागलं. मशीन ढकलत आमच्या फाटकाशी आलो तेव्हा लक्षात आलं, मी पुन्हा निरोप न घेताच आलो होतो.

दोन-तीन दिवसांनी मुलीच्या फोनवर त्या बाईचा मेसेज आला. नाव वाचा. मी मंचावर जाणार नाही. कदाचित येणारही नाही.

सभेच्या दिवशी मुलीने मला दारात अडवलं. “नो वन्स मोअर,” ती म्हणाली. सांगायची गरज नव्हती, आणि ते तिलाही माहीत होतं. मी या वेळी साधा शर्ट घातला होता.

हॉलमध्ये तेरावीची मुलं पुढे, त्यांच्यामागे धाकटी मुलं, कडेने आम्ही पालक. माझ्या मुलीच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवलेली. नावं सुरू झाली. मुलं जात होती, टाळ्या पडत होत्या, कोणाचा तरी आजोबा शिट्टी वाजवत होता. मी अक्षरं मोजत होतो आणि मागच्या दाराकडे बघत होतो. ती बाई आली नव्हती.

मग त्या पोरीचं नाव पुकारलं.

कोणी उठलं नाही. मुख्याध्यापक मंचावर हात जोडल्यासारखे उभे राहिले. माझी मुलगी खुर्चीत मागे वळली आणि वळलेलीच राहिली. तिची नजर जिकडे होती तिकडे मी पाहिलं. मागच्या दारात, अर्धी बाहेर, दवाखान्याच्या निळ्या गणवेशात ती उभी होती. कामावरून तशीच आली असावी. एक हात चौकटीवर होता.

हाका शेवटी व्हायचा होता. पण धाकट्यांतली एक मुलगी उठली, मंचाकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड करून पहिली आरोळी दिली. ओळीमागून ओळी उठल्या आणि वळल्या. खुर्च्या पडल्या. सगळी शाळा त्या एका बाईकडे तोंड करून मांड्या थोपटत होती, आणि जाणारी मुलंही त्यात मिसळली. माझी मुलगीही होती. तिला हाका येतो हे मला माहीत नव्हतं. ती चुकत नव्हती. तिच्या मानेवरच्या शिरा मला इतक्या लांबून दिसत होत्या.

त्या बाईने चौकट सोडली नाही. मानही खाली घातली नाही.

संपलं. आणि ती शांतता पसरली, पहिल्या दिवशीचीच. मला घशात ते दोन शब्द जाणवले. ते त्या पोरीचे होते, टेबलावर हात आपटून म्हटलेले. मी ते गिळले.

ती बाई वळली आणि निघाली. मी उठलो. आता तरी तिच्या पद्धतीने दोन शब्द बोलावेत, निरोप घ्यावा, असं काहीतरी डोक्यात होतं. बायकोने माझा शर्ट मागून धरला.

“बसा,” ती म्हणाली. “जाऊ द्या तिला.”

मी बसलो. ती मागे न बघता गेली. मुख्याध्यापकांनी घसा साफ केला आणि पुढचं नाव वाचलं, माझ्या मुलीचं. ती मंचावर चालत गेली. टाळ्या वाजवायला मला उशीर झाला.

परत येताना गाडी मीच चालवत होतो. मुलगी मागे बसली होती.

“ती कोणाशी बोलली का?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “तशीच गेली.”

“गुड,” ती म्हणाली.

आमच्या गल्लीत वळल्यावर मी त्या घरासमोर गाडी हळू केली. मी कापलेली बाजू पुन्हा वाढत होती. न कापलेल्या बाजूपेक्षा अजून ठेंगणी होती, पण फार नाही. मुलगी काचेतून बघत होती.

“आणखी थोड्या दिवसांनी दोन्ही सारखं दिसेल,” ती म्हणाली. हे ती मराठीत म्हणाली.

मी गाडी आमच्या दारात नेऊन लावली.